गौतम सरांची कूस

मनवा परबला रिकामी जागा बघवत नाही. करी रोडच्या चाळीत एका खोलीत पाच माणसं आणि माळ्यावर गणपतीचं अख्खं मखर, अशा घरात वाढलेल्या मुलीला ती बघवणार तरी कशी? शिलाई मशीनखाली कुकर आणि कुकरमध्ये कांदे, ही आईची शिस्त तिच्या अंगात पुरती मुरलेली.

हीच खोड आता तिला पगार मिळवून देते. परळच्या एका स्टुडिओत ती व्हिडिओ गेममधल्या बंदुका रंगवते. मिठाईचा खोका उलगडून सपाट करावा तशी बंदूक पडद्यावर उलगडायची, तिचे तुकडे एका चौकोनात दाटीवाटीने बसवायचे आणि त्यांच्यावर रंग, ओरखडे, गंज चढवायचा. खेळणाऱ्याला बंदूक स्वतःच्याच हातात असल्यासारखी दिसते, म्हणून डोळ्यांसमोरच्या डाव्या बाजूला चौकोनात ऐसपैस जागा, उजवीला उरलीसुरली. गोळ्यांच्या मॅगझिनच्या तर मनवाने दोन्ही बाजू एकावर एक ठेवल्या. एकदा रंगवलं की दोन्हीकडे उमटतं.

तिची उमेदवारी शुक्रवारी संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते गौतम सर ठरवणार होते. आईने चाळीत आधीच पेढे वाटून टाकलेले. अशा वेळी शहाण्या माणसाने गप बसावं. पण गुरुवारी जेवण झाल्यावर सर खुर्चीत मान टाकून, आ वासून झोपले आणि मनवाचे हात शिवशिवले. मॅगझिनच्या उजव्या बाजूला तिने झोपलेले सर काढले, पोटावर राहिलेल्या डब्याच्या झाकणासकट. ‘तिकडे कोण मरायला बघतंय!’ असं म्हणून ती खुशाल चहाला गेली. दोन्ही बाजू एकच आहेत, हे बाई साफ विसरल्या.

शुक्रवारी सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर बंदूक आली. डावीकडे, ऐन डोळ्यांसमोर, सर ढाराढूर झोपलेले. मनवाला चाळ आठवली. वाटलेले पेढे आता परत कसे मागायचे?

“फिरव,” सर म्हणाले. शेजारच्या सीमाने बंदूक फिरवली. उजवीकडेही सर, फक्त तोंड उलट्या दिशेला.

“इकडे कूस बदललीय मी,” सर म्हणाले. हसायची कोणाची छाती होईना.

“मनवा, लेआउट उघड.”

तिने तुकड्यांचा तो चौकोन उघडला. सर पडद्याला नाक लावून बघत राहिले. चौकोनात बोटभरही जागा मोकळी नव्हती.

“बसवलंयस झकास,” ते म्हणाले. “पण एकावर एक ठेवलेल्या तुकड्यावर चित्र काढतेस? शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत. आधी पूस ते. सोमवारपासून तू कायम.”

मनवाला इतकं हायसं वाटलं, की रडूच यायला लागलं.

सर दारापर्यंत गेले आणि मागे वळले. “आणि एक सांगतो, मी घोरत नाही.”

“चित्रात आवाज कुठे आहे, सर?” मनवा म्हणाली.