चिलटाला गंज चढत नाही

कारखान्यात त्यांना सगळे 'चष्मा' म्हणत. नाकावर चष्मा होता म्हणून नव्हे. लेथ असो की ग्राइंडर, कुठे ठिणगी उडाली की आधी त्यांची आरोळी पोचायची, "चष्माऽऽ!", आणि मागून ते स्वतः. सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. कोणी म्हणालं, "काका, काचेवर घाम येतो, दिसत नाही काही," की उत्तर तयार, "डोळा फुटल्यावर छान दिसेल हो!"

फाटकाजवळच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' असं रंगवलेलं होतं आणि त्यापुढचा आकडा रोज सकाळी ते खडूने लिहीत. तो सहा हजार नऊशेच्या वर गेला होता. घरी त्यांच्या बायकोची प्रार्थना एखाद्या दिवशी चुकली असती, पण हा आकडा चुकला नसता. आणि बायकोची प्रार्थना कधीच चुकत नसे, यावरून काय ते समजावं.

अशा माणसाला उजव्या डोळ्याने सरळ दांडी वाकडी दिसू लागली. त्यांनी काचा पुसल्या. दोन महिने नुसत्या काचाच पुसल्या. शेवटी बायकोनेच हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"आत, पडद्यामागे गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "एमआरआय करून ती किती जाड आहे आणि कुठवर गेली आहे ते मोजू. बेताची असली तर किरणांची चकती लावून डोळा वाचवता येईल. डोळ्याबाहेर पसरली असली तर मात्र डोळा काढावा लागेल."

परतताना ते रस्ताभर एवढंच म्हणाले, "डॉक्टरांनीही चष्मा लावला नव्हता."

एमआरआयच्या खोलीबाहेर एक मुलगी फॉर्म घेऊन बसली होती. ती एकेक प्रश्न वाचायची आणि खूण करायची.

"पेसमेकर?"

"नाही."

"शरीरात कुठे स्क्रू, पट्टी?"

"नाही."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

इथे गाडी जरा अडली. मग ते हसले. "अहो, मी सुरक्षेचं काम करतो!"

बायको पिशवीत काहीतरी शोधू लागली. पिशवीत शोधण्यासारखं काही नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी एका नव्या कामगाराला ग्राइंडर कसा धरायचा ते दाखवताना यांचा चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्या संध्याकाळी उजवा डोळा लालबुंद करून घरी आले आणि म्हणाले, "चिलट गेलं." दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावरचा आकडा एकाने वाढला.

"विचारते अशासाठी काका," मुलगी म्हणाली, "की आत भलं मोठं लोहचुंबक आहे. कण असला तर तो जागचा हलेल, आणि जो डोळा वाचवायला आलात तोच हातचा जाईल. नाही ना? मग इथे सही करा."

त्यांनी पेन घेतलं. देवापुढे खोटं बोलायला माणूस फारसा घाबरत नाही, कारण देव क्षमा करतो. लोहचुंबकाचं तसं काही ऐकिवात नाही. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. एका बाजूला डोळा, दुसऱ्या बाजूला सहा हजार नऊशे. आणि खरं सांगायचं तर आकड्याचं पारडं जड होत होतं.

"अहो," बायको म्हणाली, "ते चिलट सांगा."

"कुठलं चिलट?"

"चौदा वर्षांपूर्वीचं."

"अगं, चिलट म्हणजे काय लोखंड आहे?"

"मग उशीवर तीन दिवस तांबडा डाग कसा पडत होता? चिलटाला गंज चढत नाही."

मुलीने फॉर्म तोंडासमोर धरला.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"अभ्रे धुतं कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. खोटं बोलणं पाप, गप्प बसणं नाही, असं धरून चालले होते. आज वाटलं, तेही पापच."

त्यांनी 'होय' लिहिलं, इतकं बारीक की मुलीला ते पुन्हा गिरवावं लागलं.

एमआरआय राहिला बाजूला, आधी एक्स-रे निघाला. डोळ्यात काही नव्हतं; तिथला कण कधीच धुऊन गेला होता. पण त्याचा जोडीदार भुवईखाली कातडीत चौदा वर्षं मुक्काम ठोकून होता. डॉक्टरांनी जागा बधिर करून तो काढला आणि बाटलीत घालून हातात दिला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. यांच्याकडे होतं कुसळच, ते लपवून लपवून त्यांनीच त्याचं मुसळ केलं होतं.

चार दिवसांनी ते त्या नळकांड्यात आडवे झाले. "समोरच्या ठिपक्याकडे बघत राहा," मुलीने बजावलं. "मी म्हणेन तेव्हाच पापणी मिटा." जन्मभर साऱ्या कारखान्यावर डोळा ठेवणाऱ्याला पाऊण तास एका ठिपक्यावर डोळा ठेवायचा होता. मशीनची धडधड सुरू झाली तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. अगदी कामावर असल्यासारखं. बाहेर बायको देवाचं नाव घेत होती. मिलिमीटरमध्ये मागायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून "बेताची असू दे रे बाबा," एवढंच म्हणत होती.

गाठ बेताचीच निघाली. डोळ्याबाहेर गेली नव्हती. चकती लागली, निघाली, डोळा राहिला. नजर थोडी उणावली, पण डोळा आपल्या जागी राहिला.

कामावर परतल्यावर पहिल्याच सकाळी ते बाटली घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. "फळ्यावरचा आकडा खोटा आहे. चौदा वर्षांपूर्वीपासून पुन्हा मोजायला हवा."

साहेबांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. "नोंदवहीत आहे?"

"नाही."

"मग झालंच नाही. पुढच्या महिन्यात सात हजार होतील, वरचे लोक फोटो काढायला येणार आहेत. जा, आकडा लिहा."

त्यांनी लिहिला. तोच आकडा, त्याच हाताने. पण भिंतींना कान असतात, आणि कारखान्याच्या भिंतींना तोंडही. दुपारपर्यंत त्यांचं चष्मा हे नाव गेलं आणि चिलट आलं.

आता त्यांना ओरडावं लागत नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून ते नुसते लेथकडे वळले, की कोणीतरी शेजाऱ्याला कोपर मारतं, "चष्मा लाव रे, चिलट आलं!" आणि तो लावतो.