टेबल बघितलंस का?

माझा मामा एकतीस वर्षं बस चालवत होता. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत स्क्रोल सॉ आणून बसवली. शिवणयंत्राएवढी विजेवर चालणारी करवत. तिचं दोऱ्यासारखं बारीक पातं एकाच जागी वरखाली होत राहतं आणि आपण लाकूड त्याच्याभोवती फिरवायचं. पहिल्या महिन्यात मामाने एक बदक कापलं. घरी येणारा प्रत्येक जण ते हातात घेऊन म्हणायचा, "किटली छान जमलीय." मामाने कुणालाही दुरुस्त केलं नाही. "किटली तर किटली," तो मला म्हणाला, "काहीतरी आहे हे कळलं, एवढंच खूप."

मामीचं दोन गल्ल्या पलीकडे कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, पॅन्ट आखूड करणं, कोटाला अस्तर लावणं. मामाच्या करवतीबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं. "अहो, तुमच्या मशीनला ना दोरा ना टाका, आवाज मात्र माझ्या तिन्ही मशिनींचा."

यंदा त्या घरातला एक डोळा आणि एक हात एकदमच रजेवर गेले. मामाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर भुशापासून लांब राहायला सांगितलं. त्याच सुमारास मामी दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं ताठ झाली होती. घरात मदतीला म्हणून माझी रवानगी झाली. मी साहित्याची विद्यार्थिनी. प्रबंधाचा विषय 'वस्तू आणि स्मृती'. दोन वर्षं मी वस्तूंबद्दल लिहीत होते. त्या काळात हाताळलेलं सगळ्यात अवघड यंत्र म्हणजे स्टेपलर.

मामाने मला आधी लेखनिक केलं. त्याच्यासारखेच हौशी चार-पाच जण त्याला सारखे तेच प्रश्न विचारायचे. पातं का तुटतं, लाकूड का जळतं. "एकदा वहीत लिहून टाक," तो म्हणाला. "तुझं शिक्षण कधी कामाला येणार?"

मी लिहिलं, 'पात्याचं तुटणं ही ताणाची भाषा असते.'

मामा काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता. त्याने ते ऐकून घेतलं.

"भाषा राहू दे. पातं ढिलं असलं की तुटतं, फार आवळलं तरी तुटतं आणि घाई केली तर हमखास तुटतं. बोटाने छेडून बघायचं. टिंग वाजलं तर बरोबर, थड वाजलं तर आवळायचं. एवढं लिही."

लिहिता लिहिता मी कापायलाही लागले, कारण त्याला डोळा नव्हता आणि मला दोन्ही होते. पहिल्याच दिवशी मी पातं उलटं लावलं. लाकूड उसळून टेबलावर टाळ्या वाजवायला लागलं. मामा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "दाते वर केलेस! दाते खाली तोंड करून हवेत!" त्याने नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. सरळ रेष कापायला घेतली की ती उजवीकडे पळायची. दोन दिवस मी त्याचं कारण माझ्या स्वभावात शोधत होते. लहानपणापर्यंत जाऊन आले.

"सगळी पाती थोडी एका अंगाला ओढतात," मामा म्हणाला. "आमच्या डेपोत एक बस होती, आठ वर्षं डावीकडे ओढायची. तिच्याशी भांडलो असतो तर खांदा गेला असता. लाकूड किंचित तिरकं धर, म्हणजे सरळ जाशील."

नक्षीवर लाकूड जळून काळं पडत होतं, त्यावरही त्याचा इलाज तयार होता. कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि एका जागी रेंगाळायचं नाही. रेंगाळणं ही माझी खासियत, त्यामुळे माझे सगळे कोपरे काळे.

पण त्याच्या यादीत पहिला नंबर टेबलाचा, म्हणजे लाकूड ठेवायच्या करवतीच्या सपाट पाटाचा. रोज बस बाहेर काढायच्या आधी तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि प्रत्येक चाकाला एक लाथ घालायचा. एकतीस वर्षांत ती फेरी चुकली नाही. इथे ती फेरी म्हणजे टेबल. खालची मूठ सैल केली की ते कलतं करता येतं. ते पात्याशी बरोबर काटकोनात नसलं तर कापलेली कड आतून तिरपी जाते आणि वरून काही कळत नाही. ते तपासायला दोन मिनिटं लागतात. जाड ठोकळ्याला समोरून छोटी खाच पाडायची, मशीन बंद करायचं, ठोकळा पात्याच्या मागे न्यायचा आणि तीच खाच मागून पात्यावर सरकवायची. सहज बसली तर टेबल सरळ. अडली तर टेबल वाकडं.

मी लिहिलं, 'कामाआधी टेबल तपासावं, कारण पुढचं सगळं खरंखोटं तिथेच ठरतं.'

"हे बरं लिहिलंस," मामा म्हणाला. दोन आठवड्यांत झालेलं एवढं एकच कौतुक.

मामीच्या बोटांना व्यायाम सांगितला होता. बारीक वस्तू उचलायच्या, ठेवायच्या. ती ऐकेना. "मी काय बालवाडीत बसू?" शेजारच्या पार्लरवालीला मामीचं दुकान हवं होतं आणि शुक्रवारी तिला उत्तर द्यायचं होतं. मामाने मग एक फळी आखली. त्यात शिवणकामाच्या बारा वस्तू, मुलांच्या लाकडी कोड्यातल्यासारख्या कापून सुट्या करायच्या. बटण, रीळ, कात्री, इस्त्री, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान, असं. प्रत्येक तुकड्यावर धरायला एक मणी. वर खेचून काढायचा, परत बसवायचा.

मामीने चित्र बघितलं आणि परीक्षा स्वतःच ठरवली. "शुक्रवारपर्यंत ही बारा काढून परत बसवली तर दुकान ठेवते. नाहीतर देऊन टाकते. गिऱ्हाइकाचे कपडे बिघडवण्यापेक्षा ते बरं."

बुधवारी दुपारी मी कापायला बसले. आदल्या दिवशी मी टेबलाखालचा भुसा साफ केला होता. त्यासाठी ती मूठ सैल केली होती आणि नंतर अंदाजाने आवळली होती.

"टेबल बघितलंस का?" मामा बाहेरून म्हणाला.

"हो!"

बघितलं नव्हतं. ठोकळा कपाटात होता, कपाट चार पावलांवर होतं आणि मी आधीच लाकडाला हात लावला होता. याहून मोठं कारण सापडलं तर प्रबंधात घालीन.

बारा तुकडे कापून झाले. ते वरून परत बसेनात, म्हणून मी फळी उलटी करून खालून अंगठ्याने दाबले. बसले, आणि असे घट्ट बसले की मला गहिवरून आलं. पहिल्याच कामात इतकी सफाई! मी मणी चिकटवले आणि फळीचा फोटो काढून तीन मैत्रिणींना पाठवला.

गुरुवारी सकाळी मामीने फळी मांडीवर घेतली. बटणाचा मणी चिमटीत धरून ओढला. काही नाही. रीळ ओढलं. तेही नाही. डाव्या हाताने फळी दाबून तिने सगळ्या बारा ठिकाणी प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, बोटं मण्यांवरून घसरायला लागली. मामा एका डोळ्याने बघत राहिला.

तिने फळी जपून समोरच्या स्टुलावर ठेवली, जशी कुणाची शिवून झालेली वस्तू ठेवतात.

"काम छान केलंयस गं," ती मला म्हणाली. "हातच गेला माझा. उद्याची वाट कशाला बघू? जेवण झालं की तिला फोन करून टाकते."

ती आत गेल्यावर मामाने हळूच विचारलं, "टेबल बघितलं होतंस ना?"

"हो मामा."

पहिलं 'हो' आळसाचं होतं. हे दुसरं मी नीट विचार करून म्हटलं.

मग मी मागच्या खोलीत गेले, ठोकळा काढला, खाच पाडली, मागून पात्यावर सरकवली. अडली. परत केलं, परत अडली. तुकडे खाली रुंद आणि वर निमुळते झाले होते. भीमानेही ओढले असते तरी ते वरून निघाले नसते.

यातून सुटायला एक वाक्य माझ्याजवळ लगेच तयार झालं. 'हवेने लाकूड फुगलं असेल, दुसरी फळी करते.' वाक्य चांगलं होतं, लहान होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. वाक्यं मला नेहमीच वेळेवर सुचतात. तेवढ्यात बाहेरून मामीचा आवाज आला, "अहो, पार्लरवालीचा नंबर कुठे लिहिलाय?"

मी ठोकळा हातात घेऊनच बाहेर आले.

"मामी, थांब. तुझा हात नाही, टेबल वाकडं होतं. मी बघितलं नव्हतं आणि दोन्ही वेळा खोटं बोलले."

मामीने माझ्या हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं. "किती वाकडं?"

"दोन-तीन अंश असेल."

"आणि मी सकाळपासून माझ्या हाताला शिव्या घालतेय!" तिने फळी ओढून घेतली, अधांतरी धरली आणि बटणावर वरून अंगठा दाबला. टप्. रीळ, टप्. बाराच्या बारा तुकडे एकेक करून जमिनीवर पडले. ती हसत होती की रागावली होती, ते मला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"आणि ही वहीत काय लिहिते हो?" तिने मामाला विचारलं.

"वाचून दाखव, प्राध्यापिका बाई," मामा म्हणाला.

मी वाचलं. 'कामाआधी टेबल तपासावं, कारण पुढचं सगळं खरंखोटं तिथेच ठरतं.' इतकं वाईट वाचन मी कुठल्याच परिसंवादात केलेलं नाही.

"अक्षर सुंदर आहे हिचं," मामी म्हणाली.

दुपारी मी दुसरी फळी कापायला बसले. मामा तोंडाला रुमाल बांधून, काळा चष्मा लावून दाराबाहेर स्टुलावर बसला. "टेबल," एवढंच म्हणाला. 'हो' म्हणण्याऐवजी मी ठोकळा पात्यामागे नेऊन खाच सरकवून दाखवली. त्याने मान डोलवली आणि उठून येऊन मशीनच्या पायाला एक लाथ घातली.

शुक्रवारी सकाळी मामी खिडकीशी बसली. बटण आलं. रीळ आलं. अंगुस्तान दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा आलं. इस्त्रीला बराच वेळ लागला. नऊ तुकडे बाहेर आले, तेही कसेबसे परत बसले आणि मग बोटं थांबली. कात्री, सुई आणि मोजपट्टी जागच्या जागी होती. बारा म्हणजे बारा, असं ती स्वतःच म्हणाली होती. आम्ही दोघं फळीकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही.

मामीने डाव्या हाताने उजवी बोटं थोडा वेळ चोळली. मग फोन घेतला आणि एकेक आकडा उजव्या हाताने दाबला.

"हां, मी बोलतेय. दुकान नाही देणार, दुसरं बघा तुम्ही. हात? नऊपर्यंत आलाय. राहिलेले तीनही येतील, त्याची काळजी नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "भाचीचं मात्र अजून सांगता येत नाही."