कढीपत्त्यावरचा कोश

वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावरून मी निवृत्त झालो आणि बदलापूर पश्चिमेला, बेलवलीतल्या तळमजल्यावरच्या घरात दिवसभर राहू लागलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. नोकरीत मी दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या आणि दुसऱ्यांच्या फोटोंखाली ओळी लिहिल्या. स्वतः फोटो कधी काढला नव्हता. निवृत्तीनंतर एक जुना कॅमेरा घेतला. याने वेळ चांगला जाईल, असे पत्नीला सांगितले. तिने विचारले, "कुणाचा?"

सुरुवात पक्ष्यांपासून केली. उल्हास नदीच्या काठी जाऊन खंड्याचे फोटो काढले. पत्नीने एकेक फोटो हातात घेऊन पाहिला.

"यात पक्षी कुठाय?"

"मधोमध."

"हा डाग?"

"खंड्या आहे तो."

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

पुढे मी पक्ष्यांचे फोटो काढत राहिलो, फक्त घरी दाखवायचे बंद केले. मग प्रयोगांकडे वळलो. शटर उघडे ठेवून, कॅमेरा मुद्दाम हलवून, ओल्या काचेआडून बाजारातले दिवे टिपले. रोल मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे धुवायला देत असे. या खेपेला त्याने दिलेल्या पाकिटात एकच फोटो निघाला. त्यात पत्नी झाडू घेऊन दारात उभी होती. बाकीचे कुठे गेले, असे मी विचारले.

"सब हिला हुआ था, साईं," दुकानदार म्हणाला. "म्हणून प्रिंटच नाही काढला."

"ते मुद्दाम हलवले होते."

त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मुद्दाम?"

"हो. प्रयोग आहे तो."

त्याने आतल्या कारागिराला हाक मारली. "अंकल का हिला हुआ भी निकाल दे. शौक है उनका."

तिसरा टप्पा अगदी जवळून फोटो काढण्याचा होता. कॅमेऱ्याची लेन्स काढून उलटी बसवली की ती भिंगाचे काम करते, असे वाचले होते. तशी बसवून मी अंगणातल्या मुंग्यांपुढे ओणवा झालो असताना शेजारी कुंपणापाशी आले. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले होते आणि आमच्या बुद्धविहाराच्या समितीचे अध्यक्ष होते. सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत, त्यांची पत्नीसुद्धा.

"जय भीम. लेन्स उलटी लागलीय तुमची."

"जय भीम. मुद्दाम लावलीय."

"तुमचं सगळं मुद्दामच असतं," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या दाराशी पत्नीचे कढीपत्त्याचे झाड होते. त्याला ती आंबट ताक घालत असे आणि निम्मी इमारत त्याची पाने नेत असे. पावसाळा सरताना त्यावर अळ्या दिसल्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. डिवचल्या तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे काढतात आणि आंबूस वास सोडतात. इतके सहकार्य मला खंड्याने कधी केले नव्हते. पत्नी खराटा घेऊन आली.

"बाजूला व्हा."

"यांची फुलपाखरं होतात."

"आणि माझ्या फोडणीचं काय होतं?"

कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहाराच्या सभागृहात रहिवाशांच्या छंदांचे प्रदर्शन भरणार होते. कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराचा फोटो तिथे लावायचा, या बोलीवर अळ्यांना अभय मिळाले. फोटो लागला नाही तर कॅमेरा कल्याणला पत्नीच्या भावाकडे जाणार होता. "तो निदान लग्नातले फोटो तरी काढेल," ती म्हणाली. अध्यक्ष साक्षीदार राहिले.

चूक यानंतर झाली. वर्तमानपत्राचे पान वेळेवर छपाईला सोडायचे तर सभेच्या फोटोखालची ओळ सभा सुरू होण्याआधीच लिहून ठेवावी लागते. हाताला तीच सवय होती. अध्यक्षांनी मजकूर मागताच मी तो लिहून दिला: 'बेलवलीतील कढीपत्त्यावर जन्म घेताना लिंबू फुलपाखरू'. त्यांनी तो पेंटरकडून पांढऱ्या कापडावर ठसठशीत निळ्या अक्षरांत रंगवून घेतला आणि कापड सभागृहात टांगले. बातमी अजून पाने खात होती.

बहुतेक अळ्या बुलबुलांनी उचलल्या. बुलबुलांचे फोटो मी काढले, त्यातही डागच आले. उरलेल्या एका अळीने झाड जवळपास उघडे केले आणि एका काडीला दोऱ्याने स्वतःला बांधून कोश केला. पुढे त्याचा रंग गडद होत गेला. आता आतले पंख दिसतील, असे मी घरात जाहीर केले आणि रोज सकाळी कॅमेरा तिकाटण्यावर लावून पाटावर बसू लागलो. वारा अडवायला पत्नी जुनी साडी ताणून उभी राही.

"श्वास जरा हळू सोड," मी म्हणालो. "काडी हलते."

"सोडतच नाही. चालेल?"

अशाच एका सकाळी कोशाच्या बाजूला टाचणीने टोचावे तसे भोक दिसले. त्यातून राईएवढी, हिरवट काळी, चमकदार माशी बाहेर आली. मिशा पुसून ती उडाली. तिच्यामागून दुसरी आली, मग रांगच लागली. घडते आहे ते आधी टिपायचे, या शिस्तीने मी रोल संपवला.

"एवढुसं फुलपाखरू?" पत्नीने विचारले.

"हे फुलपाखरू नाही."

काय झाले असावे ते मी सांगितले. गांधीलमाशीच्या जातीतली ही बारीक माशी कोशात अंडी घालते. तिची पिल्ले कोश आतून खातात आणि शेवटी तीच बाहेर पडतात. हे मी पुस्तकात वाचले होते, पण आमच्या कोशाच्या बाबतीत ते विचारात घेतले नव्हते.

"म्हणजे अळीने माझा कढीपत्ता खाल्ला."

"हो."

"आणि अळीला यांनी खाल्लं."

"हो."

"आणि तुम्ही फोटो काढलेत."

"हो."

तिने साडीची घडी केली आणि ती आत गेली.

फोटो स्पष्ट आले होते. अध्यक्षांनी आधी फोटो पाहिला, मग टांगलेले कापड पाहिले.

"दुसऱ्या कुठल्या फुलपाखराचा फोटो असेल ना तुमच्याकडे? तो लावू. कोण विचारतंय?"

"ते या कोशातून निघालेलं नाही."

"इथे कोश मोजायला कोण येणार आहे?"

मी नकार दिला. शेवटी 'लिंबू फुलपाखरू' या शब्दांवर कागद चिकटवायचे ठरले. कागदावर 'भलत्याच माश्या' लिहावे, असे अध्यक्षांचे म्हणणे होते. 'भलत्याच' हे मत झाले, बातमी नव्हे, म्हणून मी 'बारीक गांधीलमाश्या' असे लिहिले. पेंटरच्या अक्षरांशेजारी ते शुद्धिपत्रकासारखे दिसत होते. बोलीप्रमाणे फुलपाखराचा फोटो लागला नव्हता, हे उघड होते. आदल्या संध्याकाळीच मी कॅमेरा पुसून पिशवीत भरला आणि पिशवी घरात खुंटीला अडकवून ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी भरतकामासमोर गर्दी होईल, असा समितीचा अंदाज होता. गर्दी माश्यांसमोर झाली. मी पोहोचलो तेव्हा फोटोशेजारी पत्नी उभी होती आणि जमलेल्या बायकांना सांगत होती.

"आधी अगदी शिटेसारख्या दिसतात. तेव्हाच ओळखायचं."

"म्हणजे घर बांधलं एकाने आणि राहिले दुसरेच?" एकीने विचारले.

"त्यात काय नवल," दुसरी म्हणाली. "आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू नवरा-बायको ठेवलेत. सकाळी नळावर बघा किती निघतात ते."

"झाड तुमचंच ना, वहिनी?"

"माझंच. ताक घालते मी त्याला."

दुपारपर्यंत तिची हकिगत माझ्यापेक्षा लांब झाली होती. वारा कसा अडवला आणि श्वास कसा रोखून धरला, हेही त्यात आले होते. त्या हकिगतीत मी फक्त बटण दाबत होतो. तपशील बरोबर असल्याने मी दुरुस्ती सुचवली नाही.

संध्याकाळी तिचा भाऊ कल्याणहून आला. फोटो पाहून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, कॅमेरा नेऊ का मग? पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे एक."

"कशाला?" ती म्हणाली. "साखरपुड्यात काय होणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. त्याचा फोटो कशाला हवाय?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी कापडाकडे पाहिले. पिशवी खुंटीवरच राहिली आणि भाऊ आमच्याकडे जेवून परत गेला. आमटीत कढीपत्ता नव्हता.