कंट्रोल होतं त्या जागी

लॅपटॉप बनवणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी पोटासाठी टाइप केलं असेल, यावर माझा विश्वास नाही. मी करते. तंजावुरात घरी बसायचं, दूर कुठेतरी चाललेली मीटिंग कानावर घ्यायची आणि बोलणाऱ्याचं वाक्य संपतं न संपतं तोच ते ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पडद्यावर उमटवायचं, हा माझा धंदा. बोलणारे एकाच वाक्यात तमिळमधून इंग्रजीत जातात आणि परत येतात. म्हणून उजव्या बाजूच्या कंट्रोल बटणावर मी भाषेची अदलाबदल बसवून घेतली होती. करंगळी आपली आपण तिथे जायची, मला तिला सांगावंही लागत नसे.

मग जुना लॅपटॉप बिजागरीपाशी मोडला. भाग मिळेनात, नवा घ्यावा लागला, आणि नव्यावर उजवं कंट्रोलच नाही! त्या जागी कुणा यांत्रिक मदतनिसाचं बटण. चुकून दाबलं की अर्धा पडदा अडवून विचारतो, काय मदत करू? अरे बाबा, माझं बटण परत दे, तेवढी कर. होम आणि एंड गायब. बाणांची बटणं चिरून अर्धी केलेली. आणि डिलीट जिथे असायचं तिथे काय, तर मशीन बंद करायचं बटण. कुणी रोज आपल्या स्वयंपाकघरात येऊन मिठाच्या डब्यात साखर भरून ठेवू लागला तर आपण त्याला हाकलून देऊ. इथे तोच माणूस पैसे मोजून घरी आणायचा. दुकानदाराकडे तक्रार केली तर म्हणतो, "पळगिडुम, मॅडम." होईल म्हणे सवय. सवय होती म्हणूनच तर रडतेय मी!

कामापुरता वेगळा कीबोर्ड जोडून निभावलं. पण तो मांडीवर मावत नाही, आणि अप्पांसाठी मला मांडीवरच टाइप करावं लागतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आता कान पूर्ण गेले आहेत. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी लोक; मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, म्हणून आमची मराठी मी त्यांना तमिळ अक्षरांत टाइप करून दाखवते. ऐकून लिहिणारं फोनमधलं ॲप या मराठीचा असा काही काला करतं, की अप्पा फोन पालथा घालून ठेवतात. आजारांची आणि औषधांची नावं मात्र त्यांना इंग्रजी अक्षरांतच हवीत, नंतर स्वतः शोधून वाचायला. कान गेल्यापासून त्यांना एकच धास्ती आहे. लोक आपल्याला बाजूला ठेवून बोलतील, आपलं सगळं ठरवून टाकतील, आणि आपण नुसते हसून मान डोलवत बसू. मी असताना असं होणार नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

हृदयाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो: अप्पा, मी आणि चेन्नईहून आलेला धाकटा भाऊ. डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांचं तमिळ भरधाव. झडप आखडली आहे, शस्त्रक्रिया करता येईल, या वयात तिलाही धोका आहे. दुखण्याचं बोलणं अप्पांना घरच्या भाषेतच लागतं, म्हणून मी मनात मराठी करत टाइप करत होते, अप्पा खांद्याला खांदा लावून वाचत होते. छान चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव घेतलं आणि करंगळी गेली तिच्या जुन्या जागी. मदतनीस हजर. त्यानं सगळा मजकूर झाकला. त्याला घालवून वेडीवाकडी पडलेली अक्षरं पुसायला बोट डिलीटच्या जुन्या कोपऱ्यात नेलं, आणि पडदा काळा झाला.

"काय गे, काय झालें?" अप्पांनी केवढ्यानं तरी विचारलं.

"थांबा अप्पा, थांबा," मी म्हणाले. जसं काही त्यांना ऐकू येणार होतं.

मशीन जागं होऊन पासवर्ड मागू लागलं. घाईत तोही चुकला. डॉक्टर जरा थांबले आणि मग ऐकू येणाऱ्या माणसाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे वळले. जरा थांबता का, असं मी तमिळमध्ये विचारलं. "तुम्ही नंतर सावकाश दाखवा ना त्यांना," असं म्हणून ते बोलतच राहिले. भावानं विचारलं, कधी करायची? ते म्हणाले, येत्या आठवड्यात. भाऊ म्हणाला, "सरी." ठीक आहे म्हणे. अप्पा कधी याच्या तोंडाकडे बघत होते, कधी त्याच्या, आणि हसून मान डोलवत होते. पडदा उजळला तोवर नर्सनं पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं.

बाहेर बाकावर बसून मी सगळं टाइप केलं, एकेक बटण ठोकत.

"एवढें काय चिडतीस?" भाऊ म्हणाला. "चांगलेंच ठरलें कीं."

अप्पांनी सगळं नीट वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको म्हटलें तर काय होतें," ते म्हणाले, "तेवढें मला पुसायचें होतें."

मी उघडा लॅपटॉप एका हातावर घेतला, दुसऱ्या हातानं अप्पांना उठवलं आणि खोलीचं दार पुन्हा ढकललं. आत बसलेल्या पेशंटची माफी मागितली. डॉक्टरांची मागितली नाही. अप्पांनी तमिळमध्ये स्वतःच प्रश्न विचारला, बाहेरच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि उत्तर द्यायला सुरुवात केली, माझ्याकडे बघून.

"माझ्याकडे नाही," मी म्हणाले, "त्यांच्याकडे बघून बोला."