गगनबावड्याच्या घाटातला ट्रक

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. वडील शाळेत मास्तर. घरात एकच सायकल, ती सुट्टीच्या दिवशी माझ्या वाट्याला यायची. आम्ही चौघे मित्र होतो. एक वकिलांचा मुलगा, दुसरा त्याचा मावसभाऊ, तिसरा मी आणि चौथा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. हा चौथा रोज सकाळी हँडलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या अडकवून शहरात रतीब घालायचा आणि तसाच वर्गात येऊन बसायचा. त्याला पोलिसात जायचं होतं. दीड महिन्यावर भरती होती आणि तो रोज शेताच्या बांधावरून पळायचा.

थंडीत आम्ही सायकलींवर गगनबावड्याला गेलो. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून कोकणात जायचं आणि तोच घाट चढून परत यायचं, असा बेत होता. पायथ्याच्या हॉटेलात चहा पिताना वकिलांच्या मुलाने पैज काढली. जमिनीला पाय न लावता वरपर्यंत जो जाईल तो खरा गडी.

"ह्यात पैज कसली," मावसभाऊ उचगावच्याकडे बघून म्हणाला. "दूधवाल्याच्या पायांपुढं आपलं काय चालणार?"

ते मला लागलं. का लागलं ते आजही नीट सांगता येत नाही. वर्गात माझे मार्क त्याच्यापेक्षा नेहमी जास्त असायचे, तेवढं मला पुरायला हवं होतं.

पहिल्या दोन वळणांतच ते दोघे मावसभाऊ उतरून सायकली ढकलू लागले. मी मात्र सुरुवातीलाच जोर लावला आणि पुढे निघालो. उचगावचा मागे होता. तो घाईत नव्हता. किटल्या भरलेल्या असल्यासारखा एका लयीत पाय मारत होता. निम्मा घाट चढलो तोवर माझ्या मांड्या भरून आल्या, डोळ्यांत घाम उतरला. मागे वळून पाहिलं तर खालच्या वळणावर त्याचं पांढरं पागोटं हळूहळू वर सरकत होतं.

तेवढ्यात मागून नारळांनी भरलेला ट्रक कण्हत वर आला. उचगावच्याला मागे टाकून ट्रक माझ्याजवळ आला, इतका सावकाश की माणूस बरोबरीने चालला असता. मागच्या फाळक्याची साखळी लोंबत होती. मी ती धरली. ठरवून धरली नाही असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे, पण हात माझाच होता. चार वळणं मी एका हाताने साखळी आणि एका हाताने हँडल धरून वर गेलो. माथा दिसू लागल्यावर सोडली आणि उरलेला चढ स्वतःच्या पायांनी संपवला.

वर एका दगडावर बसून मी वाट बघत होतो. पुष्कळ वेळाने तो आला, सायकल ढकलत.

"शेवटच्या वळणाला पाय टेकला," तो म्हणाला. "तू दिसंनासा झालास, मग मी बी घाई केली. तिथंच दम तुटला."

 त्याने तोंडावरून पागोट्याचं टोक फिरवलं आणि विचारलं, "मघाचा ट्रक गेला की तुझ्याजवळनं?"

"गेला."

"लई धूळ उडवली त्यानं," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तराच्या पोरा, जिंकलास की."

कोल्हापुरात परतल्यावर ही गोष्ट कॉलेजभर झाली. वकिलांचा मुलगा ती प्रत्येक वेळी जरा वाढवून सांगायचा. दूधवाल्याला मास्तराच्या पोराने घाटात मागे टाकलं, आता हा पोलिसात जाऊन चोर कसे धरणार, वगैरे. उचगावचा हसायचा. मीही हसायचो.

पुढच्या रविवारी तो कोणालाच न सांगता एकटा गगनबावड्याला गेला. घाट उतरला आणि चढला. त्याच वळणावर पुन्हा पाय टेकला. तेव्हा तिथूनच परत खाली उतरून दुसऱ्यांदा चढायला लागला. या खेपेला अर्ध्या घाटात गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. सोमवारी एसटीच्या टपावर सायकल टाकून लोकांनी त्याला घरी आणलं.

मी भेटायला गेलो तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. हाडवैद्याने पाला बांधला होता.

"कशाला गेलास पुन्हा?" मी विचारलं.

"तुला जमतंय तर मला का न्हाय, हेच डोस्क्यातनं जाईना."

त्या वेळी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "तू बरा होईपर्यंत रतीब मी घालतो."

दोन महिने मी उचगावला जाऊन त्याच्या किटल्या आणल्या आणि घरोघर दूध घातलं. त्याची आई मला चुलीपाशी बसवून लोणी-भाकरी द्यायची. "बाळा, असा मैतर नशिबानं मिळतोय," म्हणायची. ती मी मान खाली घालून कशीबशी संपवायचो. दरम्यान भरती होऊन गेली. पुढच्या भरतीला तो गेला, पण पळताना गुडघ्याने दगा दिला आणि त्याला बाहेर काढलं. त्यानंतर त्याने तो विषयही सोडला आणि कॉलेजही.

चार वर्षांनी मला चंदगडला मास्तरकी मिळाली. जाण्याआधी त्याला भेटायला गेलो. तो गोठ्यात म्हशीची धार काढत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, साखळीसकट.

धारेचा आवाज थांबला. त्याने म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं.

"म्हंजे त्या दिवशी माझं पाय कमी पडलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हते."

"तवाच सांगायचं हुतंस."

"हो."

त्याने धार पुरी केली. भांडं उचलताना डावा पाय ताठ ठेवूनच उठला. "च्या घेऊन जा," म्हणाला. मी चहा घेतला. त्याच्या बायकोने दिला, तो बाहेर वैरण टाकत राहिला.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. धुतलेला फेटा बांधून, माझ्या आईसाठी लोण्याचा डबा घेऊन. पंगत बसली तेव्हा सगळे पाटांवर मांडी घालून बसले. त्याला मांडी घालता येईना. कोणीतरी भिंतीशी खुर्ची ठेवली आणि तो ताट मांडीवर घेऊन एकटा जेवला. शेजारून वाढत जाणाऱ्या माझ्या मामांनी विचारलं, "काय पावणं, पायाला काय झालं?"

"पडलो हुतो एकदा," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता भातावर आणखी आमटी मागितली.