सरबतासाठी नेलेलं पाणी

ऑफिसात कुणी संत्र्याचं सरबत केलं, की त्या वासानं मी लातूरच्या शाळेत जाऊन पोचते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. वडिलांची तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली आणि नांदेडची इंग्रजी शाळा सोडून मी एका लहानशा हायस्कुलात दहावीला आले. वर्षभरात एकही मैत्रीण मिळाली नाही. निरोप समारंभाला तरी कुणीतरी शेजारी बसेल, अशी आशा होती. दुष्काळ होता, म्हणून सरबतासाठी बाईंनी प्रत्येकीला घरून तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. आईनं तांब्या चिंचेनं घासून, टँकरचं पाणी दोनदा गाळून दिलं.

पातेल्यापाशी वर्गातली सुनंदा होती. माझी पाळी येताच तिनं पातेल्यावर हात आडवा धरला.

"पुरे आता. लई पातळ हुईल."

पातेलं अर्धंच भरलं होतं. माझ्या मागच्या मुलीला ती म्हणाली, "वत की गं. नुसती बघून काय राहिलीस?"

माझं मराठी पुस्तकी, म्हणून असेल, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. आदल्याच आठवड्यात सुनंदा आमच्या घरी आली होती आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहून उंबऱ्यावरूनच परतली होती, हे मी जोडून पाहिलंच नाही.

घरी येऊन मी आईला म्हणाले, "पाणी जास्त झालं होतं."

"हाव," आई म्हणाली. तिनं भरलेला तांब्या माठात रिता केला आणि त्यातलं पेलाभर पाणी आधी स्वतः प्यायली.