सासूसारखी कण्हणारी बाई

वॉर्डातल्या त्या म्हातारीत माझी सासू शिरली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. आणि त्या वयात मला काय वाटेल याला धरबंध नव्हता. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असावं. नाशिकच्या एका हॉस्पिटलात नर्स होऊन मला जेमतेम वर्ष झालेलं. टोपी इस्त्रीची, चाल ऐटीची आणि टोपीखाली सगळा गोंधळ.

म्हातारी देवळा गावाकडची, कांद्याच्या शेतातून पोट धरून आलेली. सकाळी डॉक्टरांनी तपासून "गॅस आहे" म्हणत औषध दिलं. तेव्हापासून तिचं चालू, "मेले वं माय, मेले!" अगदी तोच सूर. माझी सासूही त्याच भागातली. मी ड्यूटीला जायला चपलेत पाय घातला की ती नेमानं मरायची, आणि मी परत येईपर्यंत शेजारणीकडे चहा पिऊन आलेली असायची. त्यामुळे म्हातारी कण्हली की मी मनात म्हणायची, चालू द्या.

दुपारी ती एकदम गप्प झाली. हालेना, कूसही बदलेना. आमच्या घरी अशी शांतता म्हणजे रुसवा. मी नाडी पाहिली, जलद. पुन्हा पाहिली, आणखी जलद. पण माझंच काळीज असं धडधडत होतं की कुणाचं मोजतेय कोण जाणे. पोटाला हात लावला, तर कडक. खरंच कडक, की सकाळपासून दुर्लक्ष केलं म्हणून आता मला कडक लागतंय?

डॉक्टर घरी जेवायला गेलेले. मागच्याच आठवड्यात मी त्यांना असंच ताटावरून उठवलं होतं, आणि त्या पेशंटनं त्यांच्यासमोर मोठा ढेकर देऊन "आता बरं वाटतंय" म्हणून सांगितलं. "सिस्टर, तुम्ही नाडी बघता की पंचांग?" सगळा वॉर्ड हसला होता. पुन्हा उगाच बोलावलं तर हसं. नाही बोलावलं आणि ही गेली तर? मी कॉटच्या पायथ्याशी नुसती उभी.

म्हातारीनं डोळे किलकिले केले. "पोरी, कवाची उभी हायेस. जेवलीस का?"

हे माझ्या सासूनं मला कधी विचारलं नव्हतं. म्हणजे ही ती नव्हे! म्हणजे हिचं दुखणं खरं! या अफाट शास्त्राच्या जोरावर मी वॉर्डबॉयला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पोट दाबलं आणि आठ्या गेल्या. "आत फुटलंय काहीतरी. थिएटर तयार करा."

म्हातारी वाचली. ऑपरेशन उरकल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून ओळखलंत?"

"नाडी जलद, पोट कडक," मी मान ताठ करून म्हणाले. खोटं नव्हतं. खरं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं जेवणाचं विचारलंच नसतं तर?

संध्याकाळी घरी आले, तर सासू पलंगावर. "मेले वं माय!" एरवी मी सरळ स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी तिच्याजवळ बसले, मनगट धरलं, पोटाला हात लावला. पोट मऊ. ती इतकी चकित झाली की कण्हायचीच थांबली. आणि ती गप्प झाली तसं मी घाईनं तिचं पोट पुन्हा चाचपलं.

"कळतंय का काही त्यातलं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि पुन्हा नाडी धरली.